जुने गोवे : सांगितलेले आणि गाळलेले

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-कोल्हापुरापासून नाशिक-सोलापूरपर्यंतच्या मराठी घरांतून गोव्याकडे बसगाड्यांची रीघ लागते. पणजीला मुक्काम ठोकल्यावर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम जवळपास ठरलेला असतो. एका दिवसाचे ‘दक्षिण गोवा दर्शन’, सोबत मार्गदर्शक आणि सर्व स्थळे एकाच तिकिटात. सकाळी जुन्या गोव्यातील चर्चे आणि ख्रिस्ती मठ, तेथून मंगेशी, मग कवळ्याची शांतादुर्गा, दुपारी जेवण, उन्हे कलल्यावर दोनापावल आणि मिरामार, दिवेलागणीला मांडवीतील नौकाविहार. भाविकाला देव भेटतो, हौशी माणसाला समुद्र भेटतो आणि मुलांची छायाचित्रे निघतात. कोणाचीच तक्रार नसते.

या दिवसात जुने गोवे आणि मंगेशी यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या तासाचा प्रवास असतो. बहुतेक गाड्यांत त्या अर्ध्या तासात मार्गदर्शकाचा ध्वनिक्षेपक मुका असतो, किंवा त्यावर चित्रपटगीते वाजत असतात. सांगण्यासारखे सर्वांत अधिक असते ते नेमके तेव्हाच. ज्या नगरातून आज्ञा सुटली ते नगर मागे पडत असते आणि त्या आज्ञेपायी ज्याला आपले गाव सोडावे लागले तो देव पुढे असतो. एकाच तिकिटावरची ही दोन स्थळे जोडणारे एक वाक्य लागते. ते कोणी उच्चारत नाही.

जे सांगितले जाते ते आधी पाहू. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या दिवशी, अल्बुकर्कने आदिलशहाकडून हे नगर घेतले. पुढे ते इतके वैभवाला चढले की गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, असे पोर्तुगीज म्हणू लागले. से कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले, तिची सुवर्णघंटा प्रसिद्ध आहे आणि तिच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. बॉम जेझुसच्या चर्चमध्ये फ्रान्सिस झेवियरचा देह आहे आणि दर दहा वर्षांनी तो दर्शनासाठी खाली आणला जातो. गेल्या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात असे दर्शन झाले. १९८६ मध्ये युनेस्कोने या चर्चांना आणि मठांना जागतिक वारसा ठरवले. यातला शब्दही खोटा नाही. मार्गदर्शकाने खोटे सांगितले असा आरोप कोणी करू नये. आक्षेप आहे तो गाळलेल्या मजकुरावर.

गाळणूक पहिल्या वाक्यापासूनच सुरू होते. अल्बुकर्कला गोव्यावर चालून येण्याची वाट दाखवणारा होनावरचा तिमय्या हा हिंदू सरदार होता. आदिलशाहीचे जू मानेवरून उतरवण्यासाठी त्याने समुद्रापलीकडचा धनी बोलावला आणि दोन पिढ्यांच्या आत त्याच्याच धर्मबांधवांची देवळे त्या धन्याने भुईसपाट केली. आपल्यातल्या या दुहीची कथा मराठी माणसाने ऐकायला हवी, कारण ती फक्त गोव्याची नाही. पण ‘वैभवशाली नगर’ या ठेक्यात ती बसत नाही, म्हणून तिला जागा नाही.

तिसवाडीच्या बेटांवरील देवळे १५४० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच पाडली गेली. त्यांच्या इनामांचे उत्पन्न १५४१ मध्ये नव्या धर्माच्या प्रसारासाठी वळवण्यात आले आणि त्यातूनच सेंट पॉल कॉलेज उभे राहिले. त्या कॉलेजचे एकाकी प्रवेशद्वार आजही जुन्या गोव्यात रस्त्याकडेला उभे आहे. १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना येथे आला, हे मार्गदर्शक अभिमानाने सांगतात आणि सांगावेही. पण १५५९ च्या राजाज्ञेने आई-बाप आणि आजी-आजोबा नसलेली हिंदू मुले ताब्यात घेऊन बाप्तिस्म्यासाठी याच कॉलेजच्या हवाली केली जाऊ लागली, हे त्याच कमानीखाली उभे राहून सांगायला काय हरकत आहे? छापखाना आणि अनाथ मुले या एकाच वास्तूच्या दोन गोष्टी आहेत. आपण पहिली पाठ करतो आणि दुसरीवर पडदा टाकतो.

मठाच्या भग्नावशेषांत

या सहलीतील सर्वांत भव्य आणि सर्वांत उदास स्थळ म्हणजे पवित्र टेकडीवरील ऑगस्टिनी मठ. ऑगस्टिनी भिक्षू १५७२ मध्ये गोव्यात आले आणि १६०२ च्या सुमारास त्यांनी या चर्चचे काम हाती घेतले. आज उभा आहे तो जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा. त्याच्या पायाशी छप्पर नसलेली दालने, ओळीने रिकाम्या वेदी, भूमीत रोवलेल्या आणि पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या समाधिशिळा. पावसाळ्यात या शिळांवर शेवाळे चढते आणि भिंतींच्या सांध्यांतून गवत डोकावते. पाहणारा आपोआप हळू बोलू लागतो.

हे कोणी पाडले, असा प्रश्न पर्यटक हमखास विचारतात. काहींच्या मनात उत्तर तयारच असते : मराठ्यांनी किंवा मुसलमानांनी. वस्तुस्थिती अशी की हा मठ कोणा शत्रूने पाडला नाही. १८३४-३५ मध्ये पोर्तुगालच्या सरकारनेच धार्मिक संघ बरखास्त केले, भिक्षूंना बाहेर काढले आणि ही प्रचंड वास्तू ओस टाकली. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग गेला. घंटा तेवढी वाचली. ती १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये नेली गेली. जे उरले आहे ते सावरण्याचे, साफ करण्याचे आणि जपण्याचे काम मुक्त भारताच्या पुरातत्त्व खात्याने केले. पोर्तुगालने टाकून दिलेले ख्रिस्ती वास्तुवैभव ज्या देशाने सांभाळले त्या देशाला कोणी असहिष्णुतेचे धडे देऊ लागले, तर त्याला आधी या टेकडीवर आणून उभे करावे.

याच मठात जॉर्जियाच्या राणी केतेवानची कथा सांगितली जाते. इराणच्या शाह अब्बासने तिला कैदेत ठेवले, इस्लाम स्वीकारण्यास तिने नकार दिला आणि १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा हालहाल करून वध झाला. ऑगस्टिनी भिक्षूंनी तिच्या अस्थींचा काही अंश १६२७ मध्ये या मठात आणून ठेवला. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात त्या अस्थी मिळाल्या, हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्यांची जनुकीय तपासणी केली, २०१७ मध्ये त्या दर्शनासाठी जॉर्जियाला गेल्या आणि जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांतील एक भाग तिबिलिसीत त्या देशाच्या स्वाधीन केला. ही कथा ऐकताना सहलीतल्या आया-बहिणींचे डोळे पाणावतात. स्वधर्म सोडण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रीची स्मृती भारताने अशी जपावी, हे भारताला शोभणारेच आहे.

पण याच टेकडीच्या खाली, हाकेच्या अंतरावर, त्याच शतकात ज्यांनी असेच काही भोगले त्यांचे काय? त्यांच्या अस्थी कोणी शोधल्या नाहीत. त्यांच्यासाठी कोणत्याही मार्गदर्शकाचा आवाज जड होत नाही. परदेशातील एका राणीची निष्ठा आपल्याला कळते आणि तिसवाडीतल्या गावकाराची, वेर्ण्याच्या कुळंबिणीची निष्ठा मात्र ‘वादग्रस्त विषय’ ठरते. हा न्याय कुठला?

थोरले घर

से कॅथेड्रलच्या परिसरात पूर्वी आदिलशहाचा वाडा होता. आधी त्यात व्हाइसरॉय राहत, नंतर १५६० मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाचे, बिऱ्हाड तेथे थाटले गेले. लोक त्या वास्तूला दबल्या आवाजात ‘थोरले घर’ म्हणत. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता हे न्यायालय १८१२ पर्यंत चालले. १५६१ ते १७७४ या काळात सोळा हजारांवर माणसे त्याच्यापुढे उभी केली गेली. सत्तावन्न जणांना प्रत्यक्ष जाळले गेले आणि जे मेले किंवा निसटले त्यांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. आकडे लहान वाटतील त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की भय पसरवायला सोळा हजारांना जाळावे लागत नाही. शेजाऱ्याने केलेली एक गुप्त तक्रार पुरते. आरोप कोणता आणि तो केला कोणी, हे आरोपीला सांगायचेच नाही, अशी त्या न्यायाची रीत होती.

हे कोणा हिंदू प्रचारकाचे कथन नव्हे. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य स्वतः कॅथलिक होता. त्याला दमणमध्ये पकडून १६७४ मध्ये गोव्याला आणले गेले आणि दोन वर्षे त्याने त्या कोठड्यांत काढली. मायदेशी परतल्यावर १६८७ मध्ये त्याने आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि युरोप हादरला. १८०८ मध्ये क्लॉडियस ब्युकॅनन हा स्कॉटिश पाद्री मुद्दाम ते घर पाहण्यासाठी येथे आला होता. पुढे न्यायालय बंद झाले, बहुतेक दप्तर नष्ट केले गेले आणि ती वास्तूही पाडली गेली. १९६१ मध्ये, गोवामुक्तीच्याच वर्षी, अनंत काकबा प्रियोळकरांनी देशोदेशींची साधने जुळवून या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठी पंडिताने एवढी वाट करून दिल्यावरही मराठी सहलींच्या कानावर हा विषय येऊ नये, याला अज्ञान म्हणावे की सवय?

फ्रान्सिस झेवियरबद्दलही अर्धेच सांगितले जाते. १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्यानेच भारतात इन्क्विझिशन धाडण्याची विनंती केली होती. त्या पत्राचा रोख बाप्तिस्मा घेऊनही ज्यू वा मुसलमानी रीतीने राहणाऱ्यांवर होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तसेच न्यायालय येण्यापूर्वीच, १५५२ मध्ये, तो निवर्तला होता. पण प्रत्यक्षात ते आले तेव्हा त्याचा वरवंटा प्रामुख्याने फिरला तो नवख्रिस्ती झालेल्या गोवेकरांवर. १७३६ च्या फर्मानाने दारातली तुळस, लग्नातली गाणी, धोतर आणि चोळी, एवढेच काय, मीठ न घालता शिजवलेला भातदेखील गुन्ह्यांच्या यादीत घातला. देव बदलला तरी चूल बदलली नव्हती, म्हणून चुलीवरही पहारा बसला.

मराठी प्रवाशांना ऐकवली जाणारी आणखी एक कथा तर अजब आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने जुन्या गोव्यासमोरचे जुवे बेट घेतले. नगर पडणार अशी चिन्हे दिसताच व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होरने झेवियरची शवपेटी उघडवून आपला राजदंड त्याच्या हाती दिला आणि नगराच्या रक्षणाची करुणा भाकली. संताने नगर वाचवले, असा कथेचा शेवट केला जातो आणि सातारा-सांगलीची मंडळी भक्तिभावाने मान डोलावतात! वाचवले ते औरंगजेबाच्या शहजाद्याने. शाहआलम प्रचंड फौज घेऊन घाट उतरत आहे, अशी वर्दी आल्याने जानेवारी १६८४ मध्ये महाराजांना मागे फिरावे लागले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २७ जून १६८४ रोजी, याच व्हाइसरॉयने हुकूम काढला की गोवेकरांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. चमत्कार सांगितला जातो आणि हुकूम राहून जातो.

आता मंगेशीकडे. दीपमाळ, तलाव, नगारखाना आणि मंगेशकर कुटुंबाचा उल्लेख, एवढ्यावर निरूपण आटोपते. हा देव मूळचा मंगेशीचा नव्हे, तो जुवारीकाठच्या कुशस्थळीचा, आजच्या कुठ्ठाळीचा. १५६० च्या सुमारास भाविकांनी लिंग उचलून नदी ओलांडली आणि पोर्तुगीज हद्दीबाहेर, प्रियोळात आणून ठेवले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. साष्टीत १५६६-६७ मध्ये देवळे पाडण्याचा सपाटा चालला तेव्हाची ही पळापळ. फोंडा महाल त्या वेळी आदिलशाहीत होता. सप्तकोटेश्वराचे देऊळ आधी बहमनींनी पाडले होते हेही खरे, तरी या घटकेला देवांना आसरा मिळाला तो त्याच बाजूला. इतिहास आपल्या सोयीने वागत नाही, म्हणून तो पूर्ण सांगायचा असतो. फोंड्याच्या दऱ्यांत एवढी देवळे एकमेकांना खेटून का, असे प्रत्येक पर्यटकाला वाटते. ती निर्वासितांची वस्ती आहे, हे त्याचे उत्तर. आणि त्या वस्तीला पुढे वैभव आले त्यात मराठेशाहीचा हात होता. मंगेशी गाव पेशव्यांनी १७३९ मध्ये रामचंद्र मल्हार सुखठणकरांच्या सांगण्यावरून देवस्थानला दिले. शांतादुर्गेच्या देवळामागे शाहू छत्रपतींच्या पदरचे नारोराम मंत्री होते. आपल्याच पूर्वजांनी उभारलेल्या कळसाखाली उभा असलेला मराठी माणूस हे न ऐकताच चपला घालून बसकडे वळतो.

हे सारे मांडले की ठरावीक सूर लागतो. जुन्या जखमा कशाला उकरता? गोव्यात सलोखा आहे, पर्यटन आहे, त्यात विष का कालवता? हा सूर लावणाऱ्यांनी जरा गोव्याबाहेर पाहावे. पेरूच्या लिमा शहरात इन्क्विझिशनचे संग्रहालय आहे. कोलंबियातील कार्ताहेनामध्ये इन्क्विझिशनचा वाडाच संग्रहालय झाला आहे. दोन्ही देश कॅथलिकबहुल. खुद्द लिस्बनमध्ये १५०६ च्या ज्यूंच्या कत्तलीचे स्मारक २००८ मध्ये उभे राहिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये चर्चच्या पुत्रांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या अत्याचारांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. रोमला आणि लिस्बनला जे उच्चारता येते ते जुन्या गोव्यात उच्चारले की सलोखा भंगतो, हे तर्कट फक्त भारतातील सेक्युलर मंडळीच लढवू शकतात.

शिवाय हा इतिहास गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांविरुद्ध आहे, असे मानणे हाच त्यांचा अवमान आहे. थोरल्या घराचे बहुसंख्य बळी त्यांचेच पूर्वज होते. १७८७ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध पिंटोंचा उठाव झाला, त्याच्या अग्रभागी गोमंतकीय पाद्री होते. १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या राष्ट्रीयत्वहरणावर घणाघाती पुस्तिका लिहिणारे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा ख्रिस्ती घराण्यातले होते. कुंकळ्ळीची देवी फातर्प्याला गेली. तेथून शिगम्यात तिच्या छत्र्या मूळ गावी येतात आणि त्या उत्सवात गावच्या बारा वांगडांचे ख्रिस्ती वंशजही मानाने सहभागी होतात. १५८३ मध्ये त्या गावाच्या नायकांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले गेले, हे त्या ख्रिस्ती घरांना कोणी शिकवावे लागत नाही. रक्त एक, गाव एक, भोगलेले दुःख एक. मधे मौनाची भिंत आहे, आणि तिचा लाभ ज्यांनी हे केले त्या परकीय सत्तेच्या नावालाच होतो.

मागणीही काही अवास्तव नाही. कोणत्याही चर्चला हात लावा असे कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. से कॅथेड्रलच्या चौकात थोरल्या घराची जागा, १५६० आणि १८१२ ही दोन वर्षे आणि तेथे काय चालले होते, हे सांगणारा ठळक फलक मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत लावावा. संत फ्रान्सिसच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तेथे अल्बुकर्कच्या पुतळ्यावर आणि व्हाइसरॉयांच्या तसबिरींवर सहली रेंगाळतात आणि कदंबकालीन वीरगळांपुढून पाय न थांबता निघून जातात. मार्गदर्शकाने त्या वीरगळांपुढे पाच मिनिटे थांबावे. पर्यटन खात्याने मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणात प्रियोळकरांचा ग्रंथ लावावा. आणि सहल कंपन्यांना हे आपण, तिकीट काढणाऱ्यांनी, विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की मार्गदर्शक वाचू लागतात.

राज्य सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगिजांनी पाडलेल्या देवळांच्या जीर्णोद्धारासाठी २० कोटी रुपये ठेवले. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडी बेटावरचे. ते पोर्तुगिजांनी उद्ध्वस्त केले, लिंग नदीपार डिचोली महालातील नार्व्याला नेले गेले आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी तेथे देऊळ बांधवले. त्या देवळाचे नूतनीकरण होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांना खुले झाले. छत्रपतींचा शिलालेख दारावर आहे. दक्षिण गोवा दर्शनाच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र नार्वे नसते, कारण ते ‘वाटेत येत नाही’. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयांची कमान ओलांडली की मांडवीचा धक्का लागतो. तेथून फेरीबोट दिवाडीला जाते आणि दिवाडीच्या दुसऱ्या टोकावरून दुसरी फेरीबोट नार्व्याला. सकाळी निघालेली मंडळी दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला पणजीत परत येऊ शकतात.